पान्हा आणि ग्राही

संप्रेरक रक्तात मिसळले की मिनिटा-दोन मिनिटांत अंगभर फिरते. गाईच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून सुटलेले ऑक्सिटोसिन कासेत जाते, तसेच कानाच्या पाळीत आणि खुराच्या मुळाशीही जाते. कान आणि खूर ढिम्म राहतात. कासेत मात्र दूध उतरते. तिन्ही ठिकाणी पोहोचलेला रेणू एकच, रक्तही एकच. वेगळ्या असतात त्या पेशी. ज्या पेशीजवळ ऑक्सिटोसिनला धरून ठेवणारे विशिष्ट प्रथिन आहे, तिलाच ऑक्सिटोसिन आल्याचे कळते. या प्रथिनाला ग्राही म्हणतात. एखाद्या संप्रेरकाचा परिणाम काय होईल, किती होईल आणि होईल की नाही, हे ठरवण्यात ग्राहीचा आणि त्याच्यामागे पेशीत उभ्या असलेल्या यंत्रणेचा वाटा संप्रेरकाहून मोठा असतो. पाठ्यपुस्तकांना हे मान्य आहे. दूध, इंजेक्शन आणि कायदा यांवरून जे वाद झडतात, त्यांत मात्र सगळी शक्ती कुपीतल्या द्रवात असल्याचे गृहीत धरले जाते आणि पेशीचा विचार कुणी करत नाही.

हा गोंधळ तपासायला बिदर-कलबुर्गीचा सीमाभाग चांगला आहे. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद आणि सीमेपलीकडचे देवणी, उदगीर, निलंगा, उमरगा हा मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारा पट्टा तुरीइतकाच जनावरांसाठीही ओळखला जातो. वानेरा, बाळंक्या आणि शेवेरा या तीन प्रकारांत दिसणारी देवणी गाय इथलीच. बिदर शहरात कर्नाटकाचे पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे आणि शहरालगतच्या कोळार औद्योगिक वसाहतीत औषधी रसायने बनवणारे कारखाने आहेत. जनावर, औषध आणि त्या दोहोंचे शास्त्र एकाच तालुक्यात नांदते.

देवणी गाय असो की म्हैस, वासरू किंवा रेडकू सडाला लागल्याशिवाय ती सहसा पान्हा सोडत नाही. याला कासेची रचना कारण आहे. दूध तयार होते ते कासेतल्या असंख्य सूक्ष्म कूपिकांत. तिथून ते बारीक नलिकांवाटे खाली सडाच्या वरच्या पोकळीत येते. संकरित गाईच्या कासेत दोन धारांच्या मधल्या वेळात साधारण पाचवा हिस्सा दूध या पोकळीत आपोआप उतरलेले असते. म्हशीत हे प्रमाण जेमतेम पाच टक्के असते. बाकीचे सगळे दूध वर कूपिकांत अडकलेले राहते आणि नुसते सड ओढून ते खाली येत नाही. प्रत्येक कूपिकेभोवती स्नायूंसारख्या आकसणाऱ्या पेशींची जाळी असते. ती आवळली गेली तरच दूध नलिकांत ढकलले जाते.

रेडकाने ढुशी दिली, सड चोखला की त्वचेतल्या मज्जातंतूंतून संदेश मेंदूत जातो आणि पीयूषिकेच्या मागल्या भागातून ऑक्सिटोसिन सुटते. गोठ्यात रोजची बादली वाजली, आंबोण समोर आले, एवढ्यानेही पुष्कळदा हे घडते. नऊ अमिनो आम्लांचा हा छोटा रेणू पाण्यात विरघळतो; पेशीचे आवरण स्निग्ध पदार्थांचे असल्याने तो आत शिरू शकत नाही. त्याचा ग्राही म्हणूनच आवरणात रोवलेला असतो. प्रथिनाची एक लांब साखळी आवरणातून सात वेळा आरपार गेलेली असते. तिचे एक टोक बाहेर, एक आत. ऑक्सिटोसिन बाहेरून खाचेत बसले की साखळीचे वेढे किंचित सरकतात आणि आतल्या बाजूचा आकार बदलतो. त्या बदललेल्या आकाराला आतले जी-प्रथिन चिकटते, सुटे होते आणि फॉस्फोलायपेज सी या विकराला कामाला लावते. हे विकर आवरणातल्याच एका मेदाचे तुकडे करते. त्यांतला एक तुकडा पेशीतल्या कोठारांपर्यंत जातो आणि तिथले कॅल्शियम बाहेर काढतो. कॅल्शियम वाढले की पेशीतले आकसणारे तंतू एकमेकांवर सरकतात, जाळी आवळली जाते, दूध खाली येते. ऑक्सिटोसिन स्वतः बाहेरच राहते आणि काही मिनिटांत नष्टही होते.

या साखळीत एक हिशेब दडलेला आहे. एक ग्राही जागा झाला की तो अनेक जी-प्रथिने जागी करतो, एकेक विकर शेकडो रेणू तोडते आणि कॅल्शियमचे कण तर अगणित सुटतात. म्हणून रक्तातले संप्रेरक मिलिलिटरला काही पिकोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या लक्षकोट्यंशांत मोजण्याइतके असले तरी काम भागते. काम भागते ते पेशीत ही वाढवणारी यंत्रणा आधीपासून रचून ठेवलेली असते म्हणून. तीच यंत्रणा दुसऱ्या कामाला जोडलेली असती, तर त्याच ऑक्सिटोसिनने दुसरेच काहीतरी घडले असते.

तसे घडतेही. गर्भाशयाच्या स्नायूत हाच ग्राही असतो आणि तिथे तो कळा आणतो. अॅड्रेनालिनचे उदाहरण आणखी बोलके आहे. 1948 साली अमेरिकी औषधशास्त्रज्ञ रेमंड अहल्क्विस्ट यांनी दाखवले की या एकाच संप्रेरकाला दोन प्रकारचे ग्राही आहेत. त्यांना अल्फा आणि बीटा अशी नावे मिळाली. रक्तवाहिनीवरचा अल्फा ग्राही ती आवळतो, श्वासनलिकेवरचा बीटा ग्राही ती सैल करतो. अॅड्रेनालिन काय करते, या प्रश्नाला कोणत्या पेशीत ते सांगितल्याशिवाय उत्तरच नाही. आज रक्तदाबाच्या आणि दम्याच्या रुग्णांना मिळणारी कितीतरी औषधे या एका भेदावर उभी आहेत.

गोठ्यातही हेच अॅड्रेनालिन आड येते. नवा माणूस धारेला बसला, म्हशीला काठी बसली, कुत्रे भुंकले, तर तिच्या रक्तात अॅड्रेनालिन उसळते. ते कासेच्या रक्तवाहिन्या आणि नलिका आवळते, त्यामुळे ऑक्सिटोसिन जाळीपर्यंत कमी पोहोचते आणि दुधाची वाटही अरुंद होते. शिवाय भेदरलेल्या जनावराच्या मेंदूतून मुळात ऑक्सिटोसिनच कमी सुटते. मालक म्हणतो, म्हैस पान्हा चोरते. म्हशीच्या हातात तसे काही नसते.

ग्राहीची कल्पना मागे का पडली, याचे उत्तर काही अंशी शोधांच्या क्रमात आहे. केंब्रिजचे जॉन लँगली यांनी 1905 साली निकोटीन आणि क्युरारे यांच्या प्रयोगांवरून पेशीत एखादा स्वीकारणारा पदार्थ असला पाहिजे असे मांडले. पुढल्याच वर्षी हेन्री डेल यांनी पीयूषिकेच्या अर्काने गर्भाशय आकसतो, हे दाखवले. गमतीची बाब अशी की ऑक्सिटोसिनच्या कथेची सुरुवात करून देणारे हे डेल ग्राहीच्या कल्पनेविषयी दीर्घकाळ साशंक राहिले. 1910 साली या अर्काने दूधही उतरते असे आढळले. 1953 मध्ये व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार केले; कृत्रिमरीत्या बनवलेले हे पहिले प्रथिनसदृश संप्रेरक, आणि 1955 चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. ऑक्सिटोसिनच्या ग्राहीची जनुकीय रचना जपानी संशोधकांच्या हाती लागली ती थेट 1992 साली. मधल्या चार दशकांत कुपी स्वस्त झाली, दवाखान्यातून दुकानात आणि दुकानातून गोठ्यात पोहोचली. ती कुठे जाऊन काम करते हे मात्र तोवर अंदाजानेच सांगितले जात होते.

ग्राहीसाठी रूढ झालेली कुलूप-किल्लीची उपमा अजून शालेय पुस्तकांत आहे. नेमकेपणा समजावायला ती पुरेशी आहे: एक किल्ली एकाच कुलपाला लागते. पण कुलूप निर्जीव असते, त्याची संख्या वाढत-घटत नाही आणि सारखी किल्ली फिरवल्याने ते बधिर होत नाही. ग्राहीचे हे सगळे होते आणि खरा विषय तिथेच सुरू होतो.

पेशी आपल्या ग्राहींची संख्या सतत बदलत असते. गर्भारपणात प्रोजेस्टेरॉनचा अंमल असतो तोवर गर्भाशयात ऑक्सिटोसिनचे ग्राही थोडे असतात. दिवस भरत येतात तसा इस्ट्रोजेनचा जोर वाढतो आणि ग्राही कितीतरी पटींनी वाढतात. स्त्रियांमध्ये ही वाढ शंभर पटींहून अधिक असल्याचे आढळले आहे. रक्तातले ऑक्सिटोसिन मात्र त्या प्रमाणात वाढलेले नसते. सहाव्या महिन्यात ज्या मात्रेने गर्भाशय जेमतेम हलेल, तीच मात्रा नवव्या महिन्याअखेर जोरदार कळा आणते. कुपीवरची युनिटे तीच असतात, पेशीची तयारी बदललेली असते.

उलट दिशाही तितकीच पक्की आहे. संप्रेरक सतत आदळत राहिले तर काही मिनिटांतच ग्राहीच्या आतल्या टोकावर फॉस्फेट चढते, अरेस्टिन नावाचे प्रथिन त्यावर बसून जी-प्रथिनाची वाट अडवते आणि पुढे आवरणाचा तो भागच ग्राहीसकट पेशीत ओढला जातो. बाहेर संप्रेरक भरपूर असते, ते धरायला कोणी उरत नाही. प्रसूतीत फार वेळ ऑक्सिटोसिनचे सलाइन चालू राहिले तर गर्भाशयाचा प्रतिसाद मंदावतो आणि बाळंतीण झाल्यावर रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो, याचे मूळ इथे आहे. त्याच रक्तस्रावावर जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेला पहिला उपाय पुन्हा ऑक्सिटोसिनच, दहा युनिटे. थकलेले ग्राही आणि ताजे ग्राही यांच्यात एवढे अंतर आहे.

कासेतही हेच घडते. धार काढण्याआधी रोज ऑक्सिटोसिनची सुई टोचलेल्या गाईंचा प्रतिसाद रूपर्ट ब्रुकमायर यांनी 2003 साली अभ्यासला. सुई बंद केल्यावर या गाई दूध नीट सोडत नव्हत्या. त्यांच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटत होते. कासच त्याला दाद देईनाशी झाली होती. गोठ्यात याला सवय लागणे म्हणतात. मालकाला वाटते जनावर हट्टाला पेटले आणि तो मात्रा वाढवतो. पान्हा सुटायला एका युनिटहूनही कमी ऑक्सिटोसिन शिरेतून पुरते. प्रत्यक्षात टोचले जाते त्याच्या कितीतरी पट. म्हणजे सुई ज्या अडचणीवर उपाय म्हणून आली, ती अडचणच ती पक्की करते.

सगळे ग्राही पेशीच्या आवरणावर नसतात. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, कॉर्टिसॉल ही संप्रेरके स्निग्ध असल्याने आवरणातून सरळ आत जातात. त्यांचे ग्राही आत असतात आणि संप्रेरक मिळाल्यावर थेट डीएनएवर बसून जनुके चालू-बंद करतात. परिणाम दिसायला तास, कधी दिवस लागतात. शिकागोचे एलवूड जेन्सन यांनी किरणोत्सारी इस्ट्रोजेन वापरून दाखवले की ते गर्भाशयात अडकून राहते आणि स्नायूंतून निसटून जाते. इस्ट्रोजेनच्या या ग्राहीवर भारतात घडलेले औषध घराघरांत पोहोचले आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने तयार केलेले ऑर्मेलॉक्सिफेन 1991 मध्ये ‘सहेली’ नावाने बाजारात आले आणि 2016 पासून ‘छाया’ या नावाने सरकारी कुटुंबनियोजनात मिळू लागले. ही गोळी गर्भाशयातल्या इस्ट्रोजेन-ग्राहीवर बसते आणि इस्ट्रोजेनला काम करू देत नाही. हाडात त्याच ग्राहीवर बसून ती काहीशी इस्ट्रोजेनसारखीच वागते. रेणू एक, ग्राही एक, तरी परिणाम उलटे. कारण डीएनएपाशी ग्राहीला साथ देणारी प्रथिने दोन्ही पेशींत वेगळी असतात. या लेखाच्या मुद्द्याला याहून स्पष्ट पुरावा शोधायची गरज नाही.

इन्सुलिनचा ग्राही तिसऱ्या जातीचा. तो स्वतःच विकर आहे: इन्सुलिन बसले की त्याचे आतले भाग एकमेकांवर फॉस्फेट चढवतात, मग पुढची प्रथिने जागी होतात आणि शेवटी ग्लुकोज आत घेणारे वाहक आवरणावर येऊन बसतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलेला बारीक चणीचा, पण अंगात चरबी जास्त असलेला भारतीय इथे आठवतो. 2004 साली ‘द लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली: दोघांचा शरीरवस्तुमान निर्देशांक 22.3, पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात 21.2 टक्के. अशा शरीरात स्नायूंत आणि यकृतात शिरलेली चरबी ग्राहीच्या पुढच्या प्रथिनांवर चुकीच्या जागी फॉस्फेट चढवते. इन्सुलिन रक्तात पुष्कळ असते, ग्राहीवर बसतेही, पण संदेश वाटेत अडतो. मधुमेह म्हणजे इन्सुलिनची टंचाई, ही समजूत अशा असंख्य रुग्णांच्या बाबतीत निदान सुरुवातीच्या वर्षांत खोटी ठरते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ग्राहींची संख्या ठरवणारी शेवटी दुसरी संप्रेरकेच ना? इस्ट्रोजेनने ऑक्सिटोसिनचे ग्राही वाढवले, तर अखेरचा शब्द संप्रेरकाचाच झाला. आक्षेप खरा, पण अर्धा. इस्ट्रोजेनलाही पेशीत स्वतःचा ग्राही आणि सोबतची प्रथिने लागतात. ती नसतील तिथे तेही निष्प्रभ. साखळी कितीही मागे नेली तरी प्रत्येक कडीवर पेशीची घडण हजर असते. संप्रेरक लागत नाही असे कुणीच म्हणत नाही. टाइप एक मधुमेहाच्या मुलाला इन्सुलिनच लागते. मुद्दा इतकाच की संप्रेरकाच्या प्रमाणावरून परिणामाचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे.

दुधाविषयीची भीती या कसोटीवर लावून पाहता येते. सुई टोचलेल्या म्हशीचे दूध प्यायल्याने मुली लवकर वयात येतात, असे खेडोपाडी आणि शहरातही बोलले जाते. वयात येण्याचे बदल इस्ट्रोजेन त्याच्या ग्राहीमार्फत घडवते. ऑक्सिटोसिन त्या ग्राहीवर बसतच नाही. शिवाय ते प्रथिनांसारखेच अमिनो आम्लांचे असल्याने पचनमार्गात तुटते. म्हणून तर औषध म्हणूनही ते टोचूनच द्यावे लागते. ही भीती निराधार आहे, आणि ती पसरवणाऱ्यांमुळे खरे नुकसान झाकले जाते. ते जनावराचे होते: बधिर झालेली कास, प्रत्येक वेळी गर्भाशयात उठणाऱ्या वेदना आणि बिघडलेले माजाचे चक्र. आर्मस्ट्राँग आणि हॅन्सेल यांनी 1959 सालीच दाखवले होते की माजानंतरच्या पहिल्या आठवड्यात कालवडींना ऑक्सिटोसिन टोचले तर एकवीस दिवसांचे चक्र आठ ते बारा दिवसांवर येते. म्हैस उलटते, गाभण राहत नाही, अशी तक्रार करणाऱ्याने आपल्या सुईचाही हिशेब धरावा.

कायद्याने मात्र कुपी धरली. केंद्र सरकारने एप्रिल 2018 मध्ये अधिसूचना काढून देशांतर्गत वापरासाठी ऑक्सिटोसिन बनवण्यास खासगी कंपन्यांना मनाई केली आणि हे काम बेंगळुरूच्या कर्नाटक अँटिबायोटिक्स अँड फार्मास्युटिकल्स या एकाच सरकारी कंपनीकडे सोपवले. बाळंतिणींचे प्राण वाचवणाऱ्या औषधाचा पुरवठा एका कारखान्यावर टांगला जाणार, हे उघड होते. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये ही अधिसूचना रद्द केली. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपायकारक काही टोचणे हे 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 खाली गुन्हा आहेच. त्याच कलमात फूका या जुन्या प्रकाराचाही उल्लेख आहे: धारेच्या वेळी गाईच्या योनिमार्गात हवा फुंकणे. गांधीजींनी दूध सोडण्यामागे या प्रकाराची हकीकतही होती, असे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. योनिमार्ग ताणला की मेंदूतून प्रतिक्षिप्तपणे ऑक्सिटोसिन सुटते, म्हणजे फूका आणि सुई एकाच ग्राहीपर्यंत पोहोचतात. कुपीवर बंदी घातली तर फूका परत यायला वेळ लागणार नाही. कलम 12 वाट कोणतीही असली तरी कृत्यावर बोट ठेवते आणि म्हणून शास्त्राला धरून आहे. ते अमलात येत नाही, ही वेगळी गोष्ट.

धारेपूर्वी कास कोमट पाण्याने धुऊन मिनिटभर चोळणे, रेडकू थोडे पाजणे, रोज त्याच वेळी त्याच माणसाने बसणे आणि मारझोड टाळणे यांनी जनावराच्या स्वतःच्या ऑक्सिटोसिनला वाट मोकळी होते. म्हशीला पान्हा घालायला गाईपेक्षा जास्त वेळ लागतो. कधी दोन मिनिटे, कधी त्याहून अधिक. घाईने सुई टोचण्याची सवय पुष्कळदा या दोन मिनिटांसाठी लागते. पहिलटकरीण कालवड घाबरून दूध सोडत नसेल किंवा रेडकू दगावले असेल, तर पशुवैद्य ऑक्सिटोसिन देतात. तेव्हा मात्रा लहान ठेवून काही धारांनंतर ती उतरवत बंद केली जाते, म्हणजे कासेतले ग्राही जनावराच्या स्वतःच्या ऑक्सिटोसिनसाठी जागे राहतात.